मांजर डूख धरत नाही : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात ह्या पानावर मी सहज एक वाक्य लिहून गेले होते की मांजर सूड वगैरे घेत नाही, आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेल्स आलीत की ह्या वेळी कुत्रेवाल्यांनी मला माफ करावं, अख्खं पान मांजरांना. निम्म्या मेल्सना हातांचे फोटो जोडलेत, मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे, आणि खाली एकच वाक्य, "आता सांगा, हा सूड नाही तर काय?" तर बघू या एकेक.

डॉक्टरताई, आमचा बंड्या साडेपाच महिन्यांचा आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरखाली एकटाच सापडला तेव्हा जेमतेम चार आठवड्यांचा असेल, ड्रॉपरने दूध पाजून वाढवलाय. आम्ही दोघंही सकाळच्या फास्टने जातो ते रात्री आठला घरी. बंड्या दिवसभर झोपतो आणि पहाटे पाचला आमच्या पायाच्या बोटांवर झडप घालतो, पांघरुणातून सुद्धा. मी स्वयंपाकघरात गेले की दाराआड दबा धरून पोटऱ्यांना चावतो. मिस्टर लहानपणापासून त्याच्याशी हाताने मस्ती करतात. पाण्याचा स्प्रे मारून झाला, नाकावर टिचकी मारून झाली, उलट वाढलंच. ऑफिसात विचारतात घरी सगळं ठीक आहे ना. तो आमच्यावर चिडलाय का, दिवसभर एकटा ठेवतो म्हणून? – डोंबिवली

चिडलेला नाही हो. बंड्या शिकार करतोय, आणि तुमच्या घरात पळणारी वस्तू एकच आहे, तुम्ही.

मांजरीचे दात पिल्लाला लागत नाहीत अशी आपल्याकडे म्हण आहे. खरी आहे पण अर्धी. आईचे लागत नाहीत, भावंडांचे मात्र लागतात आणि लागलेच पाहिजेत. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं एकमेकांवर उड्या मारायला लागतात, मग एक जरा जोरात चावतं, दुसरं किंचाळून खेळ सोडून निघून जातं, आणि पहिल्याला कळतं की एवढं जोरात चावलं की खेळ बंद. असं शेकडो वेळा झालं की दातांना लगाम बसतो. तुमचा बंड्या नेमका ही शाळा सुरू होताना एकटा पडला. त्याची चूक नाही, तुमचीही नाही, उलट तुम्ही त्याला जगवलंत. पण चावण्याचं माप त्याला कुणी शिकवलं नाही आणि वरून मिस्टरांनी शिकवलं की हात हे खेळणं आहे. (हा परिच्छेद मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवा.) पिल्लू बोटभर असताना ते गोड वाटतं, चार किलोचा बोका तेच करतो तेव्हा टिटॅनसचं इंजेक्शन लागतं.

आता दुसरी गोष्ट. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात आणि एका उंदरात असतात जेमतेम ३०, म्हणजे स्वतःच्या जिवावर जगणाऱ्या मांजराला रोज सात-आठ उंदीर तरी पकडावे लागतात, आणि प्रत्येक झडप काही साधत नाही, त्यामुळे प्रयत्न त्याच्या कितीतरी पट. एवढी सगळी यंत्रणा त्या एवढ्याशा अंगात घालून दिलीय, आणि वन बीएचकेत मिळतं काय, तर वाटीत पडलेले दाणे, जे पळत नाहीत. मांजर रात्रीचा प्राणी आहे असं म्हणतात तेही तितकंसं बरोबर नाही, त्याची खरी वेळ संधिप्रकाशाची, दिवस उगवताना आणि मावळताना. मावळताना तुम्ही लोकलमध्ये असता. उरली पहाट.

तर करायचं काय? त्याला रोज शिकार द्यायची. महागडं काही नको, जुन्या झाडूच्या काठीला दोन-तीन हात दोरी आणि तिच्या टोकाला चिंधीची गाठ, झालं. पण हलवायची कशी तर उंदरासारखी, म्हणजे मांजरापासून *लांब* पळणारी, चटईच्या कडेखाली शिरणारी, मध्येच थबकणारी. बरेच लोक काठी घेऊन त्याच्या तोंडापुढे नाचवतात, अहो उंदीर कधी मांजराच्या नाकावर येऊन नाचतो का! दर थोड्या वेळाने पकडू द्यायचं, चावू द्यायचं, मागच्या पायांनी लाथा झाडू द्यायच्या, परत सोडवून पळवायचं. दहा-पंधरा मिनिटं, ऑफिसातून आल्यावर एकदा आणि झोपायच्या आधी एकदा. दुसऱ्या खेळानंतर लगेच रात्रीचं जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, ही त्याची ठरलेली साखळी आहे आणि ती पूर्ण झाली की तो खरंच झोपतो. शिवाय झोपताना पंधरा-वीस दाणे घरात इकडेतिकडे लपवून ठेवा, खोक्यात, टिश्यूच्या रोलच्या नळकांड्यात, म्हणजे पहाटे त्याला तुमच्या अंगठ्यापेक्षा बरं काम असेल. पाचला उठून मात्र चुकूनही खायला घालू नका, नाहीतर उद्या साडेचारला येईल.

आणि खेळ झाला की काठी-दोरी कपाटात बंद. हे मी ओरडून सांगतेय कारण दरवर्षी राखीच्या नंतरच्या आठवड्यात आणि संक्रांतीनंतर माझ्याकडे दोरा गिळलेली मांजरं येतात. गजऱ्याचा दोरा, राखी, मांजा, शिवणाचा दोरा सुईसकट. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, एकदा दोरा आत जायला लागला की थुंकता येत नाही. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकतं आणि नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात, मग आतडं फाटतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापू नका, तसंच डॉक्टरकडे न्या.

चावलाच तर? हात मागे ओढायचा नाही. माहितीये, सांगायला सोपं आहे, पण ओढलेला हात म्हणजे पळणारा उंदीर, तो अजून घट्ट धरणार. हात मेल्यासारखा ढिला सोडा, जमलं तर किंचित त्याच्याच दिशेने ढकला, शिकार उलटी तोंडात घुसली की मांजर गोंधळून सोडतं. मग काही न बोलता उठून दुसऱ्या खोलीत जा, दार लावा, एक-दोन मिनिटं. आरडाओरडा नको, तो त्याला खेळाचाच भाग वाटतो. स्प्रेने तो एवढंच शिकलाय की बाटली तुमच्या हातात असताना चावायचं नाही, आणि टिचकीने तो हे शिकलाय की माणसाचा हात तोंडाजवळ आला की आधी आपण चावावं. दोन्ही आजपासून बंद.

पहिले काही दिवस वाढेल, सांगून ठेवते. आधी झडप घातली की घरभर मज्जा व्हायची, आता होत नाही, म्हणून तो आवाज वाढवून बघणार. तिथे हार मानलीत तर त्याला कळेल की जोरात चावलं की काम होतं. टिकलात तर काही आठवड्यांत फरक दिसायला लागेल. ह्या वयात दुधाचे २६ दात पडून पक्के ३० येत असतात, सगळं चावावंसं वाटण्यात थोडा त्याचाही हात आहे. नसबंदीही आता करून घ्यायच्या वयात आलाय. आणि जागा, पैसे, घरमालक सगळं जमत असेल तर त्याच्याच वयाचं, तेवढंच मस्तीखोर दुसरं पिल्लू आणा, ते बंड्याला दोन दिवसांत शिकवेल जे तुम्ही दोन महिन्यांत शिकवू शकणार नाही. वयस्कर शांत मांजर मात्र आणू नका, तिचा छळ होईल.

मी आठवीत आहे. आमची मनी माझ्या मांडीवर येऊन बसते, स्वतःहून येते, मी हात फिरवते तर गुरगुर करते म्हणजे ती खूशवाली, आणि मग अचानक वळून चावते आणि पळून जाते. आई म्हणते मांजराची जात बेईमान. असं का करते? – कोल्हापूर

आईला सांग, मनीने आधी चार वेळा सांगितलेलं असतं, तुझं लक्ष टीव्हीकडे होतं.

आता पुढच्या वेळी एक कर. हात फिरवताना मनीच्या चेहऱ्याकडे नको, शेपटीच्या टोकाकडे बघ. आधी टोक हलायला लागतं, मग अख्खी शेपूट आपटायला लागते (कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा बहुतेकदा खूश असतो, मांजराचं बरोब्बर उलटं). मग पाठीची कातडी थरथरते, गाईच्या अंगावर माशी बसल्यावर थरथरते ना, तशी. कान बाजूला आडवे होतात, विमानाच्या पंखांसारखे. गुरगुर थांबते, मान तुझ्या हाताकडे वळते. एवढं सगळं होऊनही हात चालूच राहिला की मग दात. म्हणजे ती रागावली असंही नाही, तिला जेवढं हवं होतं तेवढं झालं आणि त्याच्यापुढे ते अंगावर यायला लागलं. कुणी आपल्याला गुदगुल्या करत राहिलं की पहिल्यांदा हसतो आणि मग खरंच ढकलून देतो, तसं समज.

तीन वेळा हात फिरव आणि थांब. तिने डोकं तुझ्या हाताला घासलं तर परत तीन वेळा. नाही घासलं तर तिचं झालं. गालावर, हनुवटीखाली, कानाच्या बुडाशी बहुतेकींना आवडतं. पोटाला शक्यतो हात लावू नकोस. ती उताणी पडून पोट दाखवते म्हणजे मला तुझी भीती वाटत नाही एवढंच सांगते, "ये, हात घाल" असं नाही. ह्यात मोठ्या मोठ्या माणसांची फसगत होते, तुझी होऊ देऊ नकोस.

(नातवाने लिहून पाठवलेलं) आमचा बोका तीन वर्षांचा आहे. रात्री दोन-दोन दिवस गायब होतो आणि कान फाटलेला, डोकं सुजलेलं असा परत येतो. परवा गालावर मोठं गळू होतं, आजीने हळद लावायला हात नेला तर मनगटाला कडकडून चावला, रक्त आलं. आजी म्हणते तो माझ्यावरच उलटला. काही लोक म्हणतात ऑपरेशन करून टाका, आजी म्हणते मुक्या जनावराचं असं करणं पाप. – गुहागर तालुका

आजी, आधी तुमच्या मनगटाचं बोलू, बोक्याचं नंतर.

मांजराचे सुळे बारीक आणि खोल जातात, वरून दोन ठिपके दिसतात आणि आत जंतू पोचवून जखम मिटून जाते. कुत्रा चावल्यापेक्षा मांजर चावलेलं जास्त वेळा चिघळतं, आणि मनगटात तर सांधे-शिरा अगदी वरच असतात. कधीही मांजर चावून किंवा ओरबाडून रक्त आलं की पहिलं काम म्हणजे नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं, घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट, कॉफी काहीही भरायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रेबीजची लस तिथे मोफत मिळते, आणि रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते जिथे मिळतं तिथे डॉक्टर पाठवतील. दंडात कातडीत द्यायची लस पहिला दिवस धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, मधला डोस चुकवायचा नाही. "घरचाच बोका आहे" हे इथे चालत नाही, कारण तो दोन-दोन रात्री कुणाशी मारामारी करून येतो ते तुम्हाला तरी कुठे माहितीये. लागण होऊन लक्षणं सुरू झाली की रेबीजवर इलाज नाही. पत्र मिळून छापायला वेळ जातो म्हणून तुमच्या नातवाला मेल आला त्याच संध्याकाळी कळवलं होतं, आजींनी पहिली दोन इंजेक्शनं घेतलीत. बोका दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचा, ह्या दहा दिवसांत आजारी पडला, विचित्र वागला, मेला, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं.

आता बोका. तो उलटला नाही आजी. दुसऱ्या बोक्याचा सुळा गालात घुसला, वरची कातडी दोन दिवसांत जुळली आणि आत पू साठला. ते गळू म्हणजे आपल्या दाढेला पू होतो तेव्हा ठणकतं ना, तसलं. त्यावर बोट लागलं, तो चावला. माणूस असता तर शिवी दिली असती. गळू फोडून धुऊन औषध सुरू करायला गुरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टरही मदत करतील. घरातली तापाची गोळी मात्र त्याला कधीही देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही मांजर मरू शकतं.

आणि पापाचं म्हणाल तर, नसबंदी न केलेला बोका माद्यांसाठी आणि हद्दीसाठी मारामाऱ्या करतच राहणार, दर पावसाळ्यात एक गळू, एक दिवस डोळा, नाहीतर चाव्यातून पसरणारा एफआयव्ही नावाचा रोग, जो माणसाला होत नाही पण मांजराची रोगाशी लढायची ताकद हळूहळू संपवतो. ऑपरेशनला भूल देऊन थोडाच वेळ लागतो, संध्याकाळी घरी. त्यानंतर भटकणं, मारामारी, भिंतीवर लघवीचे शिंतोडे उडवणं बहुतेक बोक्यांचं पुष्कळ कमी होतं, तीन वर्षांची सवय आहे म्हणून एकदम जाणार नाही, पण जातं. गावात दरवर्षी किती पिल्लं पोत्यात भरून सोडून दिली जातात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. पाप कुठलं ते तुम्हीच ठरवा.

आमच्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, तीन वर्षं एका ताटात जेवल्या. एकीचं ऑपरेशन करून संध्याकाळी घरी आणली तर दुसरी तिच्यावर फिस्कारली, केस उभे करून अंगावर गेली, आता सहा दिवस झाले दोघी एकमेकींना बघितलं की किंचाळतात. आई म्हणते भांडून घेऊ देत, मिटवतील आपापसात. – नाशिक

नाही मिटवणार, उलट प्रत्येक भांडणाने गाठ पक्की होणार. वेगळं करा, आजच.

झालं काय की घरी आली ती तुमच्या डोळ्यांना बहीण, पण दुसरीच्या नाकाला दवाखाना. मांजरं एकमेकींना मुख्यतः वासाने ओळखतात, एकमेकींना घासून घासून एक सामाईक "घरचा वास" तयार करतात, आणि ही आली ती स्पिरिट, भूल, दुसरे प्राणी आणि भीती ह्यांचा वास घेऊन, चालही भुलेमुळे झोकांड्या खात. म्हणजे अनोळखी मांजर घरात घुसलं.

दोघींना दोन खोल्यांत ठेवा, खाणं-पाणी-मातीचा ट्रे वेगवेगळा. एकमेकींना दिसता कामा नये. एक मऊ फडकं घेऊन एकीच्या गालावर घासा, तेच दुसरीच्या गालावर, रोज, आणि मग ते फडकं जेवणाच्या ताटलीखाली ठेवा. दोन-तीन दिवसांनी बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी लांब, मग जवळ. दाराला लागून शांतपणे जेवायला लागल्या की दाराची फट, नाहीतर मध्ये जाळी, समोरासमोर जेवण, तेव्हा काहीतरी खास, सुकट म्हणा, उकडलेलं चिकन म्हणा. कुणी फिस्कारलं तर एक पायरी मागे. आठवडा लागेल, कधी तीन आठवडे. ट्रे घरात मांजरांपेक्षा एक जास्त हवा, म्हणजे तुमच्याकडे तीन. मारामारी जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही, पाट घाला मध्ये, नाहीतर उशी. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात नेताना दोघींना नेलंत तर हा प्रश्नच कमी होईल, दोघींना सारखाच वास.

ह्याच जातीचा अजून एक प्रकार आहे तो सांगूनच टाकते कारण तो माझ्यावरच बेतलाय. माझी शेवंता नावाची मांजर होती, अतिशय गुणी. एका संध्याकाळी ती खिडकीत बसून गुरगुरत होती, म्हणजे खूशवाली गुरगुर नाही, ती खोल घशातली, शेपूट बाटल्या धुवायच्या ब्रशसारखी फुललेली. मी, बावीस वर्षं हेच काम करणारी बाई, "काय झालं गं माझ्या सोन्याला" म्हणत पाठीवर हात ठेवला. पोटरीला चार टाके. बाहेर कंपाउंडवर एक परका बोका बसला होता, तिला त्याच्यावर जायचं होतं, मध्ये काच होती, आणि तेवढ्यात मी हाताशी आले. आत पेटलेलं सगळं माझ्यावर. असं मांजर शांत व्हायला कित्येक तास लागू शकतात, कधी दुसरा दिवस उजाडतो, त्यामुळे त्या वेळी लाड नाही, समजावणं नाही, खोलीचा दिवा मालवून दार लोटून घ्यायचं. आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवायचा. दिवाळीत फटाक्यांनीही अगदी हेच होतं.

आमचे दोघं खेळतात की भांडतात हेच कळत नाही. – ठाणे

आवाज ऐका. खेळ बहुतेक मुका असतो. एकदा हा वर एकदा तो वर, मधूनमधून थांबून अंग चाटणं, नखं आत, आणि संपल्यावर दोघं एकाच सोफ्यावर. एकच कायम पळतोय, लपतोय, ट्रेकडे जायला घाबरतोय, कान डोक्याला चिकटलेत, किंचाळणं, केसांचे पुंजके पडलेत, तर ते भांडण. शंका असेल तर टाळी वाजवून लक्ष दुसरीकडे न्या आणि दाबला जाणारा परत स्वतःहून दुसऱ्याकडे जातो का बघा. गेला तर खेळच होता.

आम्ही टेक्सासला असतो. नवीन अपार्टमेंटवाले म्हणतात मांजर ठेवायचं तर नखं काढलेली हवीत. ती सोफाही फाडते आणि मुलाला ओरबाडते. इथे हे कायदेशीर आहे. करावं का? – एक वाचक

नको. नखं काढणं म्हणजे नखं काढणं नव्हे. मांजराचं नख हाडातून उगवतं, त्यामुळे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेरच कापावं लागतं, पुढच्या दोन पायांची दहा बोटं. स्वतःच्या हाताकडे बघा आणि वरच्या सांध्यापासून दहाही बोटं कापल्याची कल्पना करा. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये ह्यावर बंदी आणली, युरोपातल्या पुष्कळ देशांत आधीपासून आहे. आणि तुमच्या मुलाच्या दृष्टीने सांगते, नखं गेलेल्या मांजराकडे उरतात दात, माती उकरताना पंजा दुखतो म्हणून ट्रेही सोडतात काही. दर दोन-तीन आठवड्यांनी नखांची नुसती टोकं कापा, गुलाबी भाग सोडून. सोफ्याच्या शेजारी, लांब कोपऱ्यात नाही, शेजारी, काथ्याची दोरी गुंडाळलेला जड खांब उभा करा, ती मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढा उंच. घरमालकाला जनावरांच्या डॉक्टरचं पत्र द्या. नाहीच ऐकलं तर दुसरं घर बघा, कठोर वाटेल, पण हेच सांगेन.

बाकी पत्रांतलं थोडं थोडं. लेझरचा ठिपका: चालेल, पण तो कधीच पकडता येत नाही आणि काही मांजरं त्या नादात नंतर भिंतीवरच्या सावल्यांमागे लागतात, म्हणून शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर नेऊन थांबवा. ऑनलाइन मिळणारं कॅटनिप: मोठ्या मांजरांपैकी साधारण दोनतृतीयांशांना चढतं, लहान पिल्लांना नाही, आणि मस्तीखोर मांजराला शांत करायला म्हणून देऊ नका, काही जण त्यावर अजून उधळतात. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाकडेला खोकली उगवते, तिचं मूळ उपटलं की मांजरं तशीच लोळतात त्यावर, गावाकडच्यांनी बघितलं असेल, लोळू दे, पण खायला घालू नका. "दूध दिलं की शांत होईल का": बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, शांत नाही, जुलाब होतील.

आमची तेरा वर्षांची मांजर जन्मभर गरीब गाय होती. गेल्या दोन महिन्यांपासून उचलायला गेलं की फिस्कारते, दोनदा चावली. रात्री घरभर ओरडत फिरते. खाते मात्र भरपूर, पूर्वीपेक्षा जास्तच, तरी वाळत चाललीये. वयाने चिडचिडी झाली असेल का? – सोलापूर

हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण वर सांगितलेलं खेळ-दोरी-ट्रे ह्यातलं काहीही तुम्ही करून बघू नका. हिला ह्याच आठवड्यात दवाखान्यात न्या.

तेरा वर्षं न चावलेलं मांजर चावायला लागलं तर ते दुखण्याचं पत्र समजायचं. भरपूर खाऊन वाळणं, रात्रीचं ओरडणं, चिडचिड, हे एकत्र आलं की म्हाताऱ्या मांजरात मला पहिला संशय थायरॉइडचा येतो, ती ग्रंथी जास्त काम करायला लागते, रक्ताच्या तपासणीत कळतं आणि गोळ्यांनी आटोक्यात येतं. डायबेटिसही असू शकतो, मूत्रपिंडही तपासून घ्यावी, ब्लडप्रेशर मोजता येत असेल तिथे मोजून घ्या. आणि उचलतानाच चावते म्हणजे सांधे दुखत असतील, मांजरं लंगडत नाहीत सहसा, फक्त उंच उड्या मारणं सोडतात, कपाटावर बसायची ती हल्ली पलंगावरच बसते का, आठवून बघा. तोंडही उघडून बघायला सांगा, सडलेल्या दाढेने मांजर कसं वागतं ते मी फार बघितलंय.

नेताना: रात्री ओरडत फिरते त्याचा आणि तिच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण टेबलावर ती दगडासारखी बसेल आणि डॉक्टरांना काहीच दिसणार नाही. टोपलीत तिचीच जुनी चादर घाला, वरून टॉवेल झाका. वरचं झाकण निघणारी टोपली मिळाली तर बरं, ओढून काढावी लागत नाही. तोपर्यंत पोटाखाली एक हात आणि मागच्या पायांखाली एक हात असा पूर्ण आधार देऊन, गरज असेल तरच उचला, आणि पलंगाशी एखादा चौरंग ठेवा म्हणजे तिला चढायला उडी मारावी लागणार नाही. रिपोर्ट आले की मला पाठवा.